श्रीगाडगेबाबा आणि धर्मशाळेची पाटी

सज्जनहो, संस्था काढणे एक वेळ सोपे, पण तिला नाव देणे फार अवघड, असा अनुभव आम्हाला मध्यंतरी आला. आमच्या परिचयाच्या एका गावी लोकांनी वर्गणी जमवून शाळेची इमारत उभी केली. भिंती झाल्या, छप्पर झाले, पुढचा ओटासुद्धा झाला. आणि पाटीपाशी येऊन सगळे अडले. जमीन ज्यांनी दिली त्यांना आपल्या वडिलांचे नाव हवे. पैसा ज्यांनी जमवला ते म्हणाले, जमीन काय, पडीकच होती. नाव आमच्या पुढाऱ्याचे घाला. तिसरे काही भाविक उठले आणि संताचे नाव सुचवते झाले, तर कोणत्या संताचे, यावर पुन्हा दोन तट पडले. इमारतीला कुलूप ते कुलूपच, आणि पोरे जुन्या गळक्या पडवीत पाढे म्हणताहेत. आम्हाला मध्यस्थीला बोलावले होते. गेलो, चहा घेतला, दोन्हीकडचे ऐकून घेतले आणि हात हलवीत परत आलो. आमच्या शब्दाने काही व्हायचे नव्हते.

परतीच्या वाटेवर मात्र एका पुरुषाची आठवण सारखी येत राहिली. महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्याने घाट, धर्मशाळा आणि सदावर्ते उभी केली. शिक्षणाच्या कामाला हात दिला. स्वतः मात्र एका अक्षराचा धनी नव्हता, आणि उभ्या आयुष्यात त्याने स्वतःसाठी एक खोलीसुद्धा राखून ठेवली नाही. ते श्रीगाडगेबाबा. त्यांचे चरित्र बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. पण संस्था कशी काढावी आणि तिच्यावर नाव कोणाचे घालावे, या एकाच अंगाने ते पुन्हा एकदा पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, महाशिवरात्रीचा. गाव शेंडगाव, वऱ्हाडातल्या अमरावती जिल्ह्यातले. घर परिटाचे, आडनाव जाणोरकर. वडिलांचे नाव झिंगराजी आणि आईचे सखूबाई. मुलाचे नाव ठेवले डेबूजी. झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि त्यातच खंगून गेले. डेबूजी तेव्हा अजाण पोर होता. सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. मामा चंद्रभान याच्या घरी डेबूजी वाढला. गुरे राखली, नांगर धरला, पाण्याला बारे दिले. शाळेचे तोंड काही पाहिले नाही.

मामाची शेती चांगली होती. पण सावकाराचा पाश पडला. लिहिता-वाचता येईना, त्यामुळे कागदावर काय चढते आणि काय उतरते हे मामाला कधी कळलेच नाही. पैसे पोचते झाले तरी पावती नाही, आणि पावती नाही म्हणजे कर्ज उभेच. अशाने जमीन गेली आणि त्याच धसक्याने मामाही गेला. पुढे सावकार शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा डेबूजी नांगर धरून शेतात उभा राहिला, असे चरित्रकार सांगतात. अक्षर न कळल्याने घर कसे बुडते, हे बाबांनी पोथीत वाचलेले नव्हते. घरच्या अंगणात पाहिले होते. पुढे जन्मभर कीर्तनातून ते पोरांना शाळेत घाला म्हणून लोकांच्या पाया पडत राहिले, त्याचे मूळ आम्हाला तरी इथेच दिसते.

डेबूजीचे लग्न कुंताबाईशी झाले. संसाराला लागल्यावर घरी मुलगी झाली आणि तिचे बारसे आले. त्या काळची त्या समाजातली रीत अशी की, बारसे म्हणजे दारू आणि मटणाची पंगत. ती दिली नाही तर भाऊबंद रुसत. डेबूजीने पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. पुष्कळ कुरकुर झाली. पण तो बधला नाही. ज्या दारूने बाप गेला ती लेकीच्या पाळण्याखाली येऊ द्यायची नाही, हे त्याच्या मनाशी पक्के होते. वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. नाव ठेवण्याचा सोहळा कसा करावा याचा पहिला धडा बाबांनी आपल्याच घरी घालून दिला. नाव काय ठेवले यापेक्षा ते ठेवताना आपण कसे वागलो, याला त्यांच्या लेखी मोल होते.

१ फेब्रुवारी १९०५ ला रात्री डेबूजी घर सोडून निघाला. आई, बायको, लेकरे मागे राहिली. हे लिहिताना आमचाही हात क्षणभर थबकतो, कारण घरच्यांच्या वाट्याला जे आले ते सोपे नव्हते, आणि बाबांच्या थोरवीच्या भरात ते विसरून जाणे न्यायाचे होणार नाही. पुढली बारा वर्षे हा माणूस वाऱ्यासारखा फिरला. अंगावर नाना रंगांच्या चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि जवळ एक फुटके मडके. ऊन लागले की ते डोक्यावर घालावे, भूक लागली की त्यातच कोणाकडून भाकरी-कालवण मागून घ्यावे. फुकट मात्र खायचे नाही. आधी कोणाची लाकडे फोडून द्यावी, कोणाचे अंगण झाडावे, अडलेल्या गाडीला खांदा लावावा, आणि मग तुकडा मागावा.

या बारा वर्षांत डेबूजी हे नाव कुठल्या कुठे गेले. लोकांनी ज्याला जसे दिसले तसे नाव दिले. कोणी चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडेबुवा, कोणी लोटकेबुवा. शेवटी त्या फुटक्या गाडग्यावरून गाडगेबुवा हे नाव सगळीकडे रुळले. पुढे प्रेमाने गाडगेबाबा आणि आदराने गाडगेमहाराज झाले. एरवी साधूला नाव गुरू देतो, मठ देतो, परंपरा देते. यांना नाव दिले ते रस्त्यावरच्या माणसांनी, आणि तेही एका फुटक्या मडक्याचे. बाबांनी ते नाकारले नाही, मिरवलेही नाही. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते साऱ्यांना बजावून सांगत. कोणी पाया पडायला वाकला तर काठी उगारीत.

आता त्यांच्या कामाकडे वळू. वऱ्हाडात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. तिथे यात्रा भरे. काठ निसरडा आणि चिखलाचा असल्याने बायाबापड्या, म्हातारीकोतारी घसरून पडत. बाबांनी पाहिले, आधी स्वतःच कुदळ-फावडे घेऊन उतार नीट केला. आणि मग लोकांना जागे करून तिथे पक्का घाट बांधवला. त्यांच्या सगळ्या संस्थांची मुहूर्तमेढ ही अशी. आधी सभा नाही, ठराव नाही, कार्यकारी मंडळ नाही. आधी अडचण डोळ्यांनी पाहायची, मग आपल्या हातांनी कामाला लागायचे, आणि लोक गोळा झाले म्हणजे त्यांच्या खिशाला हात घालायचा. आमच्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. आधी पाटी, मग पावतीपुस्तक, मग काम; आणि काम होईतो पाटीचा रंग उडालेला.

पंढरीची वारी बाबांनी केली, पण तीही त्यांच्याच तऱ्हेने. ते हातात खराटा घेऊन येत. वाळवंट आणि रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन आपल्या फडांतल्या कीर्तनासारखे नेमल्या चालीचे नव्हते. गोपाळनामाचा गजर, तुकोबारायांच्या अभंगांचे चरण, आणि मधूनमधून श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीतले रोकडे प्रश्न. कर्ज काढून सण करता का, देवापुढे बोकड कापता का, माणसाला शिवत नाही का, लेकराला शाळेत घातले का. श्रोत्यांनी उत्तर द्यायचे आणि आपल्याच उत्तरात आपणच सापडायचे. शास्त्रार्थ त्यात नसे, पण ऐकून घरी गेलेल्या माणसाला रात्री झोप लागत नसे.

त्या काळची पंढरी आजच्या तरुण वाचकाला डोळ्यांसमोर आणणे कठीण. लाखो वारकरी येत. पण उतरायला धर्मशाळा ज्याच्या त्याच्या जातीची. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला कोणाच्या धर्मशाळेत थारा नसे. त्याने चंद्रभागेच्या वाळवंटात पाऊसपाण्यात पडून राहावे, कळसाला हात जोडावे आणि माघारी फिरावे. राउळाचे दार त्याला बंदच. ज्ञानोबा-तुकोबांचे नाव घेणाऱ्या आपल्या संप्रदायाच्या राजधानीत हे चालले होते, हे आपण मान खाली घालून कबूल केले पाहिजे. ते कबूल न करता बाबांचा मोठेपणा सांगणे म्हणजे दुखणे झाकून वैद्याची स्तुती करण्यासारखे आहे.

१९१७ साली बाबांनी पंढरपुरात या लोकांसाठी धर्मशाळा बांधली. आणि तिला नाव दिले चोखामेळा धर्मशाळा.

इथे आपण थोडे थांबू. चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाचे काम करताना ते कोसळले आणि त्याखाली सापडून त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेवपायरीपाशी आहे; म्हणजे देवाच्या समोर, पण दाराच्या बाहेर. त्यांचे अभंग आपण सगळ्यांनी गायचे आणि त्यांच्या माणसांनी मात्र त्याच पायरीवरून परतायचे, असे कित्येक पिढ्या चालले. बाबांनी त्या नावाची पाटी लावली तेव्हा ती नुसती खूण नव्हती. ज्याला दाराबाहेर ठेवले त्याचे नाव त्यांनी दारावर घातले. पैसा देणाऱ्या शेटजीचे नाही, जागा मिळवून देणाऱ्याचे नाही, आणि रात्रंदिवस खपणाऱ्या स्वतःचे तर नाहीच. पावसाने भिजलेला माणूस दारात येईल तेव्हा पाटी वाचून, किंवा कोणाकडून वाचून घेऊन, त्याला काय वाटेल? हे घर आपले आहे, इतके त्याला कळले की पाटीचे काम झाले. आमच्या मते संस्थेचे नाव ठेवण्याची याहून सोपी कसोटी दुसरी नाही.

योगायोग पाहा, त्याच १९१७ साली आळंदीत जोगमहाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथेही संस्थापकाने आपले नाव पुढे केले नाही, ज्यांच्यासाठी संस्था काढायची त्या वारकऱ्यांचे केले. पुढे लोकांनी कृतज्ञतेने तिला जोगमहाराजांची संस्था म्हणायला सुरुवात केली, ती गोष्ट निराळी. आपण लावलेले नाव आणि लोकांनी लावलेले नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चोखामेळा धर्मशाळेनंतर १९२० च्या सुमारास पंढरीत मराठा धर्मशाळा झाली. पुढे नाशिक, देहू, आळंदी, पुणे अशी मालिकाच लागली. मुंबईत जे. जे. इस्पितळाशी जे गरीब रोगी येतात, त्यांच्या नातेवाइकांना रात्री पाठ टेकायला जागा नसते, म्हणून तिथेही बाबांनी धर्मशाळेची सोय करवली. कोठे सदावर्त, कोठे गोरक्षण, कोठे आंधळ्या-पांगळ्यांना अन्नवस्त्र. आता कोणी विचारील की ज्याच्याजवळ एक फुटके गाडगे, त्याने हे लक्षावधी रुपयांचे काम केले कसे? याचे उत्तर असे की, बाबांनी पैशाला हात लावला नाही, म्हणूनच तो आला. देणाऱ्याने नेमलेल्या विश्वस्तांकडे द्यायचा आणि त्यांनी हिशेब ठेवायचा. काम उभे राहिले की ते विश्वस्तांच्या हाती सोपवून बाबा पुढच्या गावी. धर्मशाळांवर आपला किंवा आपल्या घराण्याचा कसलाही हक्क नाही, हे त्यांनी पुरते स्पष्ट करून ठेवले होते. एका पावतीवाचून मामाचे शेत गेले होते ना? त्या अक्षरशत्रू माणसाने कागदाची किंमत कायमची ओळखली होती.

आणि हे नुसते कागदावर नव्हते, बरं का. महाराष्ट्रभर धर्मशाळा बांधणाऱ्याची बायको आणि लेकरे झोपडीत राहिली. संस्थांतल्या खोल्यांत त्यांना आसरा नाही, संस्थांतल्या अन्नावर त्यांचा हक्क नाही, असा बाबांचा कडक दंडक. मुलगा गोविंदा वारला त्याची बातमी कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना पोचली, आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात. काहींना हे कठोर वाटते. कुंताबाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर आम्हालाही वाटते. पण सार्वजनिक संस्थेत संस्थापकाचे गणगोत एकदा शिरले की बाहेर निघत नाही, आणि मग पाटीवर नाव कोणाचेही असो, घर त्यांचेच होते. बाबांनी ते दार पहिल्या दिवशीच बंद केले, आणि त्याची किंमत आपल्या घरच्यांना मोजायला लावली. ती किंमत कोणी मोजली हे आपण विसरू नये, एवढेच आमचे म्हणणे.

बाबांचा स्नेह ज्या मोठ्या माणसांशी जुळला त्यांत दोघांची नावे या विषयात घेतलीच पाहिजेत. पहिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि मुंबईच्या आपल्या पहिल्या महाविद्यालयाला १९४६ साली सिद्धार्थ हे नाव दिले. बाबांनी पंढरीची चोखामेळा धर्मशाळा पुढे याच सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून. आपण एवढ्या कष्टाने उभे केलेले घर दुसऱ्याच्या संस्थेला देऊन टाकायचे, हे किती जणांना जमेल? पण बाबांचा हिशेब सरळ होता. मध्यंतरी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरीत तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपवास केला आणि विठोबाचे राऊळ सर्वांना खुले झाले. काळ पालटत होता. वाळवंटात भिजणाऱ्यांच्या नातवांना आता छपराइतकीच पुस्तकांची गरज होती. ज्यांच्यासाठी घर बांधले त्यांचे काम बदलले, म्हणून घराचे काम बदलले. पाटीवरचे नाव ज्यांचे होते, त्यांच्याच कामी ते आले.

दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. संस्थेच्या नावात व्यक्ती नाही, रयत आहे, हे पाहण्यासारखे. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तिथे सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीत जेवायचे असे वसतिगृह निघाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. १९४० साली हायस्कूल काढले ते महाराजा सयाजीरावांच्या नावाचे. १९४७ साली महाविद्यालय काढले ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचे. या महाविद्यालयाचे नाव बदलून आपले घालाल तर मोठी रक्कम देतो, असे एका धनिकाने सुचवले आणि भाऊरावांनी त्याला वाटेला लावले, अशी हकीकत साताऱ्याकडे अजून सांगतात. पैशाची चणचण रोजची, पण एकदा दिलेले नाव विकायला काढले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले होते. तिथे देणगीदाराच्या पैशाचे तेज ते किती पडणार!

याच भाऊरावांनी १९५४ साली कऱ्हाडला महाविद्यालय काढले, आणि नाव दिले सद्गुरू गाडगेमहाराज कॉलेज. बाबा तेव्हा हयात होते. वाचकहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या माणसाला सही करण्यापुरतेही अक्षर येत नव्हते, त्याच्या नावाचे पदवीचे महाविद्यालय. एका फुटक्या मडक्याचे नाव विद्येच्या दारावर चढले. भाऊरावांना विद्वानांची कमतरता नव्हती. पण खेड्यातला शेतकरी आपल्या पोराला कॉलेजात पाठवायला बिचकतो. तिथे आपले काम नाही, असे त्याला वाटते. गाडगेबाबांचे नाव वाचून त्याची भीड चेपेल, हे भाऊरावांनी ओळखले असावे. पंढरीच्या धर्मशाळेच्या दारावर बाबांनी जे केले होते तेच त्यांच्या या स्नेह्याने कऱ्हाडच्या दारावर केले.

८ फेब्रुवारी १९५२ ला बाबांच्या कामाची व्यवस्था पाहण्यासाठी श्रीगाडगेमहाराज मिशन स्थापन झाले. म्हातारपण आले होते, मधुमेह जडला होता. आपल्यामागे सगळे विस्कटू नये म्हणून ही तजवीज. इतके दिवस टाळलेले नाव इथे संस्थेवर आले. लोकांच्या तोंडी तेच होते, दुसऱ्याने ते ओळखले गेले नसते. पण स्वतःबद्दल त्यांची आज्ञा निराळी होती. आपण जिथे मरू तिथेच अंत्यविधी उरकावा; आपली मूर्ती, समाधी, मंदिर, स्मारक काही करू नये; काम चालू ठेवावे, अशी त्यांची इच्छा होती.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला आंबेडकर गेले. बाबांच्या मनाला तो घाव फार लागला. पुढे चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, मोटारीतून अमरावतीला येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. जन्मभर रस्त्यावर राहिलेला माणूस रस्त्यावरच गेला. अमरावतीला अंत्यविधी झाला. त्या जागी लोकांनी समाधिमंदिर उभारले, आणि त्या वस्तीला नाव पडले गाडगेनगर.

मागाहून बाबांचे नाव वाढतच गेले. २०००-०१ मध्ये महाराष्ट्र सरकारने गावे स्वच्छ ठेवण्याची जी मोहीम काढली तिला त्यांचे नाव दिले. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला स्थापन झाले होते; २००५ साली त्याचे नाव संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ असे झाले. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली मुले आता ज्या पदव्या घेतात त्यांच्यावर त्या निरक्षर परिटाच्या मुलाचे नाव असते.

हे बाबांच्या इच्छेविरुद्ध झाले का? समाधीपुरते झाले, असे म्हणावे लागेल. पण विद्यापीठाचे नाव ही केवळ आठवण नव्हे, असे आम्हाला वाटते. जगात नाव ठेवण्याचे दोन प्रकार दिसतात. एक नाव मालकीचे. ते सांगते की हे घर कोणी बांधले. दुसरे नाव बांधिलकीचे. ते सांगते की या घराने कसे वागायचे. मालकीचे नाव एकदा रंगवले की काम संपले. बांधिलकीचे नाव रोज सकाळी हिशेब मागते. गाडगेबाबांचे नाव ज्या दारावर आहे ते दार झाडलेले आहे ना? गरिबाचे पोर तिथून फी नाही म्हणून परत गेले नाही ना? संस्थाचालकांचे गणगोत आत शिरले नाही ना? इतके प्रश्न ते पाच अक्षरांचे नाव विचारीत राहते. ज्याला उत्तर देण्याची तयारी नाही त्याने संताचे नाव पाटीवर घालण्याच्या भरीस पडू नये. त्यापेक्षा गावाचे नाव बरे.

आणि ज्यांना नावासाठी झगडावे लागले त्यांचीही गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. मराठवाडा विद्यापीठाला डॉक्टर आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला, आणि ते प्रत्यक्षात आले १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत माणसे मेली, घरे जळाली. नावात काय आहे, असे सहज म्हणणाऱ्याने हे आठवावे. ज्याचे नाव सगळ्या दारांवर आहे त्याला नाव सोडणे हा वैराग्याचा अभ्यास आहे. ज्याचे नाव कुठल्याच दारावर कधी नव्हते, त्याला ते लागणे हा माणुसकीचा हक्क आहे. बाबांना या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. म्हणून त्यांनी आपले नाव मागे ठेवले आणि चोखोबांचे पुढे केले. एकच खिळा, एकच पाटी. पण त्यात त्याग आणि न्याय दोन्ही साधले.

आता त्या आमच्या गावाविषयी. देणाऱ्याने आपल्या दिवंगत आईबापांचे नाव एखाद्या खोलीवर घालावे, यात आम्हाला गैर दिसत नाही. ती कृतज्ञता आहे. पण साऱ्या शाळेचे नाव ठरवताना त्या मंडळींनी सभेत एकमेकांकडे न पाहता थोडे बाहेर पाहावे. गावातले कोणते पोर अजून शाळेत येत नाही? कोणत्या वस्तीतल्या बाईला त्या फाटकातून आत पाऊल टाकायला संकोच वाटतो? तिला आपले वाटेल ते नाव घालावे. आणि ते सुचत नसेल तर पाटीची जागा तशीच कोरी ठेवून कुलूप आधी काढावे. बाबांनी घाट आधी बांधला होता. पोरे आत बसली, अंगण झाडले गेले, पहिल्या पावसात छप्पर गळले नाही, म्हणजे नाव लोकच देतील. डेबूजीला नाही का दिले?

हे पत्र म्हणून आम्ही त्या गावाला पाठवणार आहोत. वाचकांपैकी कोणाच्या गावी अशीच इमारत कुलपात असेल, तर त्यांनीही ते चारचौघांत वाचून दाखवावे. वाचण्याआधी मात्र त्या शाळेचे अंगण एकदा झाडून घ्यावे, इतकीच प्रार्थना.

रामकृष्णहरी.